थ्रेड पूल बंद करण्याची जावातली सोय: सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाल्याच्या विभागाला शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे रविवारी पहाटे आवक नेहमीपेक्षा जास्त असते. आमची बाणेरमधली छोटी कंपनी तिथल्या काही आडत्यांसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर चालवते. वजन, भाव, हमाली आणि तोलाई भरली की शेतकऱ्याची पट्टी तयार होते, गाळ्यावर छापली जाते आणि तिचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर जातो. मेसेज जाईपर्यंत दिवाणजींचा खोळंबा होऊ नये, म्हणून ते काम मागे चालणाऱ्या चार थ्रेडांच्या पूलकडे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर काम करणाऱ्या चार धाग्यांच्या गटाकडे, सोपवलेले आहे. एका रविवारी पहाटे साडेपाच वाजता हमालीच्या दरातली चूक दुरुस्त करण्यासाठी आम्ही सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि सव्वासहाला एका आडत्यांचा फोन आला: ‘साहेब, आमच्या शेतकऱ्याला पट्टीचा मेसेज आलेला नाही. तो टेम्पो लावून उभा आहे, घरी काय सांगू म्हणतो.’ शोध घेतल्यावर कळले की रीस्टार्टच्या क्षणी रांगेत असलेल्या ४३ पट्ट्यांचे मेसेज गेलेच नव्हते, आणि कोणत्याही लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळही नव्हती.

त्या दिवसापासून थ्रेड पूल बंद कसा करायचा या एका प्रश्नामागे मी लागलो. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा जावा; तिच्या १७ वरून २१ या आवृत्तीवर गेल्यावर ‘एक्झिक्युटर-सर्व्हिस’ला, म्हणजे पूल चालवणाऱ्या व्यवस्थेला, मिळालेले ‘क्लोज’ आम्ही सव्वा वर्ष वापरले, काही ठिकाणी ठेवले आणि काही ठिकाणांहून मुद्दाम काढले. हा अभिप्राय त्या सोयीबद्दल आहे. मात्र तिची पारख तिच्याआधीच्या सोयींशी ताडून पाहिल्याशिवाय होत नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून ‘थ्रेड-स्टॉप’ होते आणि ते धोक्याचे आहे हेही लवकरच लक्षात आले. चालू थ्रेडला कुठेही, अगदी अर्ध्या लिहिलेल्या नोंदीच्या मध्यावर तोडून टाकणारी ही पद्धत १९९८ सालच्या १.२ आवृत्तीतच नापसंत ठरवली गेली, आणि जावा २० मध्ये तर ती बोलावली की फक्त एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, मिळू लागले. त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो: बाहेरच्याने थ्रेडला मारायचे नाही, थांबण्याची विनंती करायची, आणि योग्य जागा पाहून थांबायचे काम त्या थ्रेडचे. डग ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘जावा युटिल कन्करंट’ हे समांतर कामांसाठीचे साहित्य २००४ साली जावा ५ मधून आले तेव्हा या विचाराला तीन स्वतंत्र क्रिया मिळाल्या. ‘शटडाउन’ नवीन काम घेणे बंद करते, आधी घेतलेले पूर्ण होऊ देते आणि स्वतः मात्र कशासाठीही थांबत नाही. ‘शटडाउन-नाऊ’ चालू थ्रेडांना इंटरप्ट, म्हणजे थांबण्याची विनंती, पाठवते, रांग रिकामी करते आणि सुरूच न झालेल्या कामांची यादी हातात देते. ‘अवेट-टर्मिनेशन’ दिलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहते आणि सगळे संपले की नाही ते खरे किंवा खोटे असे सांगते.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवायचे असले की आधी वर्तमानपत्रात निवेदन येते, कोणत्या भागात येणार नाही ते सांगितले जाते, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येईल हेही त्यातच असते. ‘शटडाउन’ म्हणजे ते निवेदन आहे. निवेदन छापून आले म्हणजे टाक्या भरल्या असे होत नाही, त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ देणारी क्रिया वेगळी आहे हे नवख्याच्याच काय, दहा वर्षे काम केलेल्याच्याही लक्षातून निसटते. आमच्या कोडमध्ये नेमके तेच झाले होते. घाईत कोणीतरी थेट ‘शटडाउन-नाऊ’ लिहिले होते आणि त्याने परत दिलेली यादी कोणत्याही व्हेरिएबलमध्ये घेतलेली नव्हती. ४३ पट्ट्या त्या यादीत होत्या. ती यादी हवेत विरली.

यादी घेतली असती तरी काम भागले नसते, ही गोष्ट मला नंतर समजली आणि ती इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. आम्ही कामे ‘सबमिट’ने देत होतो. ‘सबमिट’ आपले काम एका ‘फ्युचर-टास्क’च्या वेष्टनात गुंडाळून रांगेत ठेवते, त्यामुळे ‘शटडाउन-नाऊ’ परत देते ती यादी त्या वेष्टनांची असते. त्यातली कोणती पट्टी कोणाची, हे वेष्टनाकडे पाहून सांगता येत नाही. ‘एक्झिक्यूट’ने काम दिले तर मात्र आपण दिलेली मूळ वस्तू यादीत परत मिळते. दुसरे म्हणजे या यादीत फक्त सुरू न झालेली कामे असतात. इंटरप्ट बसला तेव्हा अर्ध्यावर असलेली चार कामे तिथे कधीच दिसत नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत त्रासाची: यादीत निघालेली वेष्टने रद्द झालेली नसतात, ती नुसती अनाथ असतात, त्यामुळे दुसरीकडे कोणी त्यांच्या ‘गेट’वर मुदत न घालता उत्तराची वाट पाहत बसले असेल तर तो थ्रेड कायमचा बसून राहतो. यादी फिरवून प्रत्येकाला ‘कॅन्सल’ केले पाहिजे. हे तीन मुद्दे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

आता ‘क्लोज’कडे येतो. २०२२ सालच्या जावा १९ मध्ये ‘एक्झिक्युटर-सर्व्हिस’ला ‘ऑटो-क्लोजेबल’, म्हणजे आपोआप बंद होऊ शकणारे, केले गेले. १९ ही दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती नसल्याने आमच्यासारख्यांच्या हाती हे २०२३ च्या २१ बरोबर आले. पूल ‘ट्राय’च्या कंसात उघडायचा, कामे द्यायची, आणि कंस संपला की पूल आपोआप बंद होतो आणि सगळी कामे संपेपर्यंत पुढची ओळ चालत नाही. आतला कोड अगदी थोडा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा वाचावा. तो आधी ‘शटडाउन’ करतो, मग ‘अवेट-टर्मिनेशन’ला एक दिवसाची मुदत देऊन वाट पाहतो, दिवस संपला तर पुन्हा एक दिवस, असे अमर्याद. वाट पाहणाऱ्या थ्रेडलाच कोणी इंटरप्ट केले तर तो ‘शटडाउन-नाऊ’ करतो आणि तरीही वाट पाहत राहतो; शेवटी स्वतःवरचा इंटरप्टचा शिक्का परत उमटवून बाहेर पडतो.

ठरावीक कामांचा गठ्ठा संपवून पुढे जायचे असते अशा जागी ही सोय उत्तम आहे. रात्री अकराला आम्ही दिवसभराच्या आवकेचा गोषवारा गाळेवार तयार करतो. तिथे पूर्वी पूल बंद करण्याच्या अकरा ओळी होत्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. आता एकही नाही. काम संपण्याआधी पुढची बेरीज सुरू होणे, ‘फायनली’ (काहीही झाले तरी शेवटी चालणारा भाग) विसरल्यामुळे थ्रेड मागे उरणे, हे दोष तिथून मुळासकट गेले. ‘एक्झिक्युटर्स’मधून घेतलेल्या नेहमीच्या पूलचे थ्रेड डेमन, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रोसेस थांबत नाही असे, नसतात, म्हणून पूल बंद करायला विसरले की ‘मेन’ हा प्रोग्रॅमचा मुख्य भाग संपूनही प्रोसेस तशीच उभी राहते, आणि सकाळी मेमरी का भरली म्हणून शोधाशोध होते. व्हर्च्युअल थ्रेडांचे, म्हणजे जावा स्वतः सांभाळते त्या हलक्या थ्रेडांचे, उलट आहे: ते नेहमीच डेमन असतात, त्यामुळे ‘क्लोज’ न करता ‘मेन’ संपले तर त्यांचे अर्धवट काम कोणालाही न विचारता टाकून दिले जाते. दोन्ही प्रकारांत ‘ट्राय’चा कंस हे एकच शिस्तीचे उत्तर पुरते, आणि या एका कारणासाठी मी या सोयीला मनापासून चांगले म्हणतो.

दिवसरात्र चालणाऱ्या सेवेत, म्हणजे आमच्या पट्टीच्या मेसेजांच्या पूलमध्ये, मात्र ‘क्लोज’ वापरू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कारण एकच आहे, पण मोठे आहे: ‘क्लोज’कडे घड्याळ नाही. २१ मध्ये त्याला मुदत देता येत नाही. आपण ते शटडाउन हुकमध्ये, म्हणजे प्रोसेस बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिले, तर त्या हुकच्या थ्रेडला इंटरप्ट करणारे कोणीच नसते, म्हणून आतले ‘शटडाउन-नाऊ’ कधीच चालत नाही आणि एक काम अडकले की सगळे अडकते. घड्याळ मात्र बाहेर चालूच असते. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवणारे-थांबवणारे कुबरनेटिस आधी सिगटर्म (थांबण्याचा इशारा) पाठवते आणि डीफॉल्ट मुदतीचे ३० सेकंद संपले की सिगकिल (तत्काळ ठार करण्याचा हुकूम). त्याच जातीच्या डॉकरचा ‘स्टॉप’ डीफॉल्टने १० सेकंदच थांबतो. सिगकिल आला की हुक, ‘फायनली’, लॉग, काहीही चालत नाही. म्हणजे सभ्यपणे कायम वाट पाहणारे ‘क्लोज’ आणि ४३ पट्ट्या हरवणारे आमचे जुने ‘शटडाउन-नाऊ’, दोघांचा शेवट शेतकऱ्याच्या दृष्टीने सारखाच होतो.

हे अडकणे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. चाचणीच्या सर्व्हरवर रीस्टार्ट अडला म्हणून थ्रेडांचा डंप, म्हणजे कोणता थ्रेड काय करतोय त्याची यादी, काढला, तर ‘पूल-३-थ्रेड-१’ नावाचा एक थ्रेड मेसेज पाठवणाऱ्या गेटवेकडून उत्तराची वाट पाहत सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, बसलेला होता. सॉकेट वाचण्याची डीफॉल्ट मुदत शून्य असते आणि शून्य म्हणजे कायम. त्यातही साधा, ऑपरेटिंग सिस्टिमचा प्लॅटफॉर्म थ्रेड सॉकेट वाचताना इंटरप्टला दाद देत नाही. त्याला उठवायचे तर सॉकेटच बंद करावे लागते किंवा आधीपासून वाचण्याची मुदत घालून ठेवावी लागते. व्हर्च्युअल थ्रेड या बाबतीत बरा, त्याला इंटरप्ट मिळाला की सॉकेट बंद होऊन तो बाहेर येतो. आम्ही वाचण्याची मुदत ४ सेकंदांवर आणली आणि त्याच दिवशी थ्रेडांना ‘पट्टी-मेसेज-१’ अशी नावे दिली, कारण ‘पूल-३’ म्हणजे कोणता पूल हे पहाटे साडेपाचला आठवत बसणे योग्य नव्हे.

इंटरप्ट ऐकण्याची जबाबदारी कामाची असते, हे वाक्य सगळे मान्य करतात आणि कोडमध्ये मोडतात. ‘स्लीप’ (ठरावीक वेळ झोपणे) किंवा रांगेवरचे ‘टेक’ (पुढचे काम येईपर्यंत थांबणे) इंटरप्ट झाले की एक्सेप्शन फेकतात आणि फेकताना इंटरप्टचा शिक्का पुसून टाकतात. आमच्या एका लूपमध्ये ते एक्सेप्शन पकडून फक्त लॉगमध्ये लिहिलेले होते, आणि लूप पुढच्या फेरीला निघून जात होता; विनंती आली, नोंदवली गेली आणि विसरली गेली. पकडल्यावर एकतर बाहेर पडावे किंवा शिक्का पुन्हा उमटवावा. याची उलट बाजूही आहे: ‘फाइल-चॅनल’वर, म्हणजे फाइलमध्ये लिहिण्याच्या वाटेवर, लिहीत असलेल्या थ्रेडला इंटरप्ट बसला तर ते चॅनल सर्वांसाठीच बंद होते. आमची हिशोबाची रोजनिशी चार थ्रेड एकाच चॅनलने लिहीत होते. एकाला थांबवले, चौघांची वही मिटली. म्हणून रोजनिशी लिहिण्याचे काम आता एका वेगळ्या, कधीही इंटरप्ट न होणाऱ्या थ्रेडकडे आहे आणि तो रांगेत ‘समाप्त’ अशी खूण वाचूनच थांबतो.

वेळापत्रकाच्या पूलची एक वेगळी खोच आहे. न गेलेला मेसेज आम्ही ३० मिनिटांनी पुन्हा पाठवतो. ‘शटडाउन’ झाल्यावर ठरावीक अंतराने परत परत होणारी कामे आपोआप रद्द होतात, पण एकदाच व्हायची लांबणीवर टाकलेली कामे डीफॉल्टने शिल्लक राहतात आणि पूल त्यांची वाट पाहतो. म्हणजे २९ मिनिटांनी व्हायचे एक काम रांगेत असेल तर ‘क्लोज’ २९ मिनिटे थांबते. हे धोरण बदलण्याची सेटिंग आहे, पण त्यासाठी पूल ‘शेड्यूल्ड-थ्रेड-पूल-एक्झिक्युटर’ म्हणून हाताने घडवलेला बरा.

मुदत घालायची तर पुन्हा जुन्या तीन क्रियांकडेच यावे लागते, आणि तिथेही डोळे मिटून नक्कल करू नये. ‘एक्झिक्युटर-सर्व्हिस’च्या अधिकृत माहितीपानावर पूल दोन टप्प्यांत बंद करण्याचा नमुना दिलेला आहे: ‘शटडाउन’, मग ६० सेकंद वाट, मग ‘शटडाउन-नाऊ’, मग पुन्हा ६० सेकंद वाट. नमुना म्हणून तो निर्दोष आहे. पण ३० सेकंदांत सिगकिल येणाऱ्या जागी तो उतरवला तर दुसरा टप्पा कधी उजाडतच नाही, आणि तो उजाडत नाही हे कोणाला कळतही नाही. आम्ही आमच्या ३० सेकंदांची वाटणी कागदावर मांडली. नवीन विनंत्या थांबवण्यासाठी ३ सेकंद, रांग संपवण्यासाठी १५, इंटरप्टनंतर ५, उरलेल्या कामांची नोंद आणि डेटाबेसची जोडणी सोडण्यासाठी ४, आणि ३ सेकंद हातचे राखून. सॉकेटची ४ सेकंदांची मुदत इंटरप्टनंतरच्या ५ सेकंदांत बसावी म्हणून ठरवली आहे. हे आकडे एकमेकांना बांधलेले असतात आणि एक बदलला तर दुसरा तपासावा लागतो.

क्रमाचेही तसेच. शटडाउन हुक एकापेक्षा जास्त असतील तर ते एकाच वेळी सुरू होतात आणि कोणता आधी पळेल याची हमी नसते. आमचा पूल बंद होत असतानाच दुसऱ्या हुकने डेटाबेसच्या जोडण्या बंद केल्या, आणि जावाच्या स्वतःच्या लॉगिंगनेही आपले हुक चालवून तोंड मिटले, म्हणून पहिल्या रविवारी लॉगमध्ये काहीच सापडले नव्हते. आता एकच हुक आहे आणि त्यात सगळे ओळीने लिहिलेले आहे: आधी दार बंद, मग पूल, मग डेटाबेस, सर्वांत शेवटी लॉग. एक सूचना इथेच करून ठेवतो. पूलमधल्याच कामाने त्याच पूलचे ‘क्लोज’ बोलावले तर ते स्वतः संपण्याची स्वतःच वाट पाहत बसते. प्रशासनाच्या पानावरचे ‘सेवा थांबवा’ हे बटण आमच्याकडे अशाच पूलवर चालत होते.

एवढे सगळे नीट करूनही वीज जाऊ शकते, सिगकिल आधी येऊ शकतो. म्हणून खरा विसावा मिळाला तो थ्रेड पूलच्या बाहेर. पट्टी पूलकडे देण्याआधी तिची ‘पाठवायची’ अशी ओळ डेटाबेसमध्ये लिहिली जाते, मेसेज गेला की ती ‘पाठवली’ होते, आणि सेवा सुरू होताना ‘पाठवायची’ राहिलेल्या ओळी पुन्हा रांगेत घेतल्या जातात. मेसेज गेला पण ओळ बदलण्याआधीच प्रोसेस संपली, तर शेतकऱ्याला एकच पट्टी दोनदा मिळते. तो धोका आम्ही जाणून स्वीकारला आहे. मेसेजमध्ये पट्टीचा क्रमांक ठळक असतो, आणि दोनदा आलेला हिशोब न आलेल्या हिशोबापेक्षा कितीतरी बरा. बंद करण्याची सोय कितीही चांगली असली तरी तिच्यावर हिशोबाची सुरक्षितता टांगून ठेवू नये, हे मी आता नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

गुण द्यायचे तर ‘क्लोज’ला मी पाचपैकी चार देईन. एक कमी केला तो मुदतीसाठी. ठरावीक अवधी घेणारे ‘क्लोज’ असते आणि मुदत टळल्यावर न झालेल्या कामांची यादी त्याने हातात दिली असती, तर आम्हाला जुन्या तीन क्रिया जुळवत बसावे लागले नसते. गठ्ठ्याच्या कामांसाठी, चाचण्यांसाठी, व्हर्च्युअल थ्रेडांसाठी ते बिनधास्त घ्यावे. सेवेच्या मुख्य पूलसाठी घेऊ नये.

शनिवारी यार्ड बंद असते तेव्हा आम्ही आता दर महिन्याला एकदा तालीम करतो. चाचणीच्या सर्व्हरवर २०० खोट्या पट्ट्या रांगेत घालायच्या, गेटवेच्या जागी मुद्दाम उशिरा उत्तर देणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, आणि रांग अर्धी असताना सिगटर्म पाठवायचा. मागच्या तालमीत १८व्या सेकंदाला इंटरप्ट गेला, २२व्या सेकंदाला शेवटचा थ्रेड बाहेर आला आणि लॉगची अखेरची ओळ होती, ‘पाठवल्या १६१, शिल्लक ३९, सर्व नोंदवल्या.’ सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि त्या ३९ क्रमाने निघाल्या.